लेडी मॅनेजर

“पोरगी चांगली आहे मॅडम, खेळलेली आहे, पण तोंडातून शब्द निघत नाही तिच्या. कोच कशी होणार? लेडी मॅनेजर म्हणून ठेवून टाका.” जिमखान्याचे प्रमुख गायकर सर प्रिन्सिपल वासवानी मॅडमच्या केबिनमध्ये बसून हे सांगत होते आणि मी बाहेर स्टीलच्या खुर्चीवर, मांडीवर फाइल घेऊन बसले होते. दुपारची लाइट गेलेली होती. पंखे बंद पडल्यामुळे कॉलेजचा तो सगळा मधला कॉरिडॉर शांत झाला होता आणि केबिनचं दार वाऱ्यासाठी उघडं ठेवलेलं होतं. आपलं बोलणं बाहेर जातंय हे सरांना कळत असावं, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती. जिच्याबद्दल बोलायचं ती उलट बोलणारी नाही, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. मॅडमनी विचारलं, तिच्याकडे कोचिंगचं सर्टिफिकेट आहे ना? सर म्हणाले, आहे, पण सर्टिफिकेट काय मैदानात ओरडणार आहे का? थोड्या वेळाने मला आत बोलावलं. वासवानी मॅडम हसून म्हणाल्या, कल से आ जाओ बेटा, लड़कियों के साथ एक लेडी तो चाहिए ही. मी मान हलवली. सरांनी माझ्याकडे बघून मॅडमना हाताने खूण केली, बघा, सांगितलं नव्हतं?

लेडी मॅनेजर म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं, तेव्हा कुणाला सांगायची गरज नव्हती. मुलींची टीम बाहेर खेळायला न्यायची तर सोबत एक बाई हवी, त्याशिवाय घरचे सोडत नाहीत. या बाईला खेळ कळायची गरज नसे. बहुतेक कॉलेजांत लायब्ररीतल्या किंवा गृहशास्त्राच्या मॅडमना पकडून पाठवत. त्या सावलीची खुर्ची शोधत आणि मॅच संपेपर्यंत पेपर तपासत. मॅनेजरने पाण्याच्या बाटल्या भरायच्या, स्प्रे आणि पट्ट्यांची पेटी सांभाळायची, पॅड आणि सेफ्टी पिना जवळ ठेवायच्या, मॅच सुरू होण्याआधी मुलींच्या कानांतलं, नाकातलं, गळ्यातलं, मोबाइल, सगळं एका पिशवीत घेऊन ती पिशवी स्वतःच्या गळ्यात अडकवायची. आणि घरून फोन आला की सांगायचं, हो काकू, मी सोबत आहे. माझ्याकडे फक्त एवढंच एक वाक्य होतं. ते मी चांगलं म्हणत असे.

तेव्हा आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहत होतो, तळमजल्यावर. घरात बसायला जागा शोधावी लागे, कारण उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे आमच्याकडे येत. आई आणि काकू दिवसभर त्यांचे सुटलेले धागे कापत. छोट्या कात्र्यांचा तो टुकटुक आवाज मी इतकी वर्षं ऐकला, की एखाद्या दिवशी गठ्ठे आले नाहीत तर घरात कुणी आजारी आहे असं वाटायचं. नव्या जीन्सचा निळा रंग बोटांना लागतो आणि साबणाने जात नाही. आईने थापलेल्या तांदळाच्या भाकरीवर कधीकधी कडेला निळसर बोट उमटायचं. ती तो तुकडा स्वतःच्या ताटात घ्यायची. भाकरीबरोबर सुकटीची चटणी किंवा वालाचं बिरडं. बाबा अंबरनाथला एका कंपनीत फिटर होते, पहिली पाळी करून घरी आले की आधी हात-पाय धुवायचे, मग तोंडात काही पडेपर्यंत बोलायचे नाहीत. न बोलणं मी कुणाकडून घेतलं, हे उघड आहे. काकूला मात्र ते मान्य नव्हतं. कुळगावातल्या घरात वाढलेली काकू गठ्ठ्यावर बसून सगळ्या आळीशी बोलायची. तिचं म्हणणं होतं की मला शाळेने बिघडवलं. “एवढी फी भरली त्या इंग्लिश शाळेत,” ती म्हणायची, “बोलायचे वेगळे पैसे भरायचे होते का गो?”

काकू थट्टा करत होती, पण फार चुकत नव्हती. अंबरनाथच्या त्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि माझं इंग्लिश असं होतं की वाक्य मनात जुळवेपर्यंत बाकीच्या मुली पुढच्या विषयावर गेलेल्या असायच्या. मग मी दोन्ही सोडलं. शाळेच्या मागच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टावर मात्र कुणी कोणत्याही भाषेत काही विचारत नसे. बॉल आला की पकडायचा, कुणी मोकळी दिसली की द्यायचा. मी उंच नव्हते, वेगवानही नव्हते, पण कोण कुठे आहे ते मला सतत दिसायचं. गप्प बसणाऱ्या माणसाला बघण्याखेरीज काय काम असतं? शाळेतून कॉलेजच्या टीममध्ये, तिथून विद्यापीठाच्या टीमच्या बेंचवर, मग शारीरिक शिक्षणाची पदवी आणि कोचिंगचा कोर्स, इथपर्यंत मी बोलण्यावाचून आले. माझी ही वाट कागदावर लिहिली की फार सरळ दिसते. प्रत्यक्षात दर वळणावर कुणीतरी विचारत होतं, पुढे काय करणार, आणि मी उत्तर न देता पुढे जात होते.

उल्हासनगरच्या त्या कॉलेजचं कोर्ट इमारतीच्या मागे होतं. पलीकडच्या भिंतीला लागून शिलाईचा कारखाना होता. विठ्ठलवाडी स्टेशनहून चालत मी सकाळी पोहोचायचे तेव्हा तिथे शांतता असायची, आणि आमचा वॉर्म-अप संपतो न संपतो तोच भिंतीपलीकडची मशिनं एकदम सुरू व्हायची. त्या आवाजात बोललेलं कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मला ते बरंच झालं. मी बोटांनी सांगायला लागले. मूठ वर केली की बॉल सावकाश आणा. कोपराला हात लावला की सगळ्या एका बाजूला सरका आणि दुसरी बाजू मोकळी करा. दोन बोटं खाली केली की रिंगखालच्या मुलीला द्या. हे मी कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. महिन्याभरात मुली डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझा हात बघत खेळायला लागल्या. त्यांची लीडर होती रोशनी, उल्हासनगर कॅम्पातल्या सिंधी पापडवाल्यांची मुलगी, टीममध्ये सगळ्यांत बुटकी, जिभेने सगळ्यांत लांब. खरवईहून, अंबरनाथहून नवीन मुली आल्या की ती त्यांना माझ्यासमोरच समजावायची, “मॅम बोलती नहीं, मॅम दिखाती हैं. आँख इधर रखो.” शनिवारी ती घरून डब्यात दाल-पकवान आणायची, डाळ आणि कुरकुरीत तळलेल्या पुऱ्या. कोर्टाच्या कडेला बसून आम्ही ते खायचो, पकवानाचा चुरा ट्रॅक पँटवर सांडायचा आणि रोशनी सगळ्यांच्या नकला करायची. माझी नक्कल करताना ती नुसती गप्प उभी राहायची. मुली हसून लोळायच्या. मीही.

आज माझ्या टीममधल्या मुलींना हे खरं वाटत नाही. त्या म्हणतात, मॅम, तुमचा आवाज पार तिकडे गोल मैदानापर्यंत जातो. जातो. पण खुणा मी अजून सोडलेल्या नाहीत.

तर गायकर सर. त्यांच्याबद्दल वाकडं लिहायचं मी ठरवलं असतं तर सोपं होतं, पण ते वाईट माणूस नव्हते. तरुणपणी त्यांनी कबड्डीत नाव कमावलं होतं, मांड्या अजून खांबासारख्या होत्या. एका मुलीचा पाय मुरगळला तेव्हा तिला स्वतःच्या बाइकवर बसवून डॉक्टरकडे नेणारे तेच होते. ते सकाळी सरावाला कधी येत नसत. मॅचच्या दिवशी यायचे, पांढराशुभ्र ट्रॅक सूट घालून, कोर्टाच्या कडेला नारळ फोडायचे, मुली ओळीने पाया पडायच्या, आणि मग सर कोच म्हणून उभे राहायचे. सगळ्याच कॉलेजांत असं चाले. वर्षभर कुणीही घाम गाळो, मॅचच्या दिवशी जिमखान्याचा प्रमुख उभा राहणार, फोटोत मधोमध तो असणार, आणि लेडी मॅनेजर पिशवी गळ्यात घालून कडेला. फक्त त्या वर्षी स्पर्धेच्या लोकांनी सर्टिफिकेट असलेलं कुणीतरी बेंचवर पाहिजे असा आग्रह धरला, म्हणून सरांनी स्कोअररच्या टेबलवर माझं नाव असिस्टंट कोच म्हणून सांगितलं. मला म्हणाले, “घाबरू नको, नुसतं नाव आहे.”

आम्ही जिंकत गेलो. आमचं कॉलेज त्या आधी पहिल्याच फेरीत घरी यायचं, आणि आता आम्ही सेमी-फायनलला पोहोचलो होतो. मी मनातल्या मनात असं धरून चालले होते की आता कुणीतरी मला बोलावेल आणि म्हणेल, पुढच्या वर्षी तू कोच. बोलावलं खरं. मॅडम म्हणाल्या, बहुत अच्छा काम किया बेटा, अगले साल के लिए गायकर सर कोई रेग्युलर कोच ला रहे हैं, तुम मॅनेजर रहना, लड़कियाँ तुमको मानती हैं. जिन्यात सर भेटले. त्यांनीच सांगितलं, त्यांच्या ओळखीचा मुलगा आहे, व्हॉलीबॉलचा, पण हुशार आहे, शिकेल. आवाज काय आहे त्याचा, म्हणाले. मी मान हलवून खाली उतरले. व्हॉलीबॉलचा मुलगा, आणि तो शिकेल. माझ्या मुलींवर तो शिकणार होता.

घरी तोच आठवडा निवडून बाबांनी सांगितलं की त्यांच्या कंपनीच्या ऑफिसात एक जागा आहे, कॉम्प्युटरवर बसायचं, साहेबांशी बोलणं झालंय, एकवीस तारखेच्या आत हो म्हणायचं. आईने कात्री चालू ठेवली. काकू म्हणाली, हो म्हण गो, ऑफिसातल्या मुलीला स्थळं येतात, बॉलवालीला कोण विचारतो. बाबांनी ताट पुढे ओढलं आणि भाकरी मोडत म्हणाले, “मॅनेजरच व्हायचंय ना? मग पंख्याखाली तरी हो.” त्यात टोमणा नव्हता. त्यांना मशिनच्या उष्णतेत उभं राहून काम करणं म्हणजे काय ते माहीत होतं, आणि आपल्या मुलीला बसायला खुर्ची मिळावी यापलीकडे त्यांना काही नको होतं. मी म्हटलं, सेमी-फायनल झाली की सांगते. त्या आठवड्यात घरात मी बोललेलं ते सगळ्यांत मोठं वाक्य असावं.

मॅच अंबरनाथला एका कॉलेजच्या कोर्टावर होती, दुपारची. समोरची टीम ठाण्याकडची, उंच, महागडे बूट, त्यांचा कोच टॅबलेटवर काहीतरी दाखवत फिरत होता. आमच्या मुली भिंतीपाशी वेण्या घालून घेत होत्या. मी सगळ्यांची कानातली पिशवीत घेतली. सर आले नव्हते; कॉलेजच्या ट्रस्टचे कुणी पाहुणे येणार होते, त्यांना घेऊन येतो असा निरोप होता. पहिला क्वार्टर सुरू झाला तेव्हा बेंचसमोर उभी राहायला माझ्याखेरीज कुणी नव्हतं, म्हणून मी उभी राहिले. आणि मुली खेळल्या. मूठ, कोपर, दोन बोटं. तिकडचा कोच घसा फोडत होता आणि आमच्याकडून काहीच आवाज नव्हता, नुसते बूट घासल्याचे आणि बॉलचे आवाज. प्रेक्षकांतल्या कुणीतरी विचारलेलं मी ऐकलं, यांची कोच मुकी आहे काय. आम्ही पुढे होतो. गेटजवळ मला बाबा दिसले, पाळी संपवून परस्पर आलेले, हातात डबा. त्यांनी मला मॅचमध्ये कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या क्वार्टरला सर आले. पाहुण्यांना खुर्ची दिली, नारळ राहिला म्हणून हळहळले, आणि बेंचसमोर येऊन उभे राहिले. मी सवयीने मागे जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसले. पुढचा सगळा वेळ मला सरांची पाठ दिसत होती. ते एका जागी थांबत नसत, कडेने येरझाऱ्या घालत, आणि त्यांच्या पांढऱ्या ट्रॅक सूटच्या अलीकडे-पलीकडे माझ्या मुली मान वाकडी करून माझा हात शोधत होत्या. मी हात वर केला, बाजूला केला, अर्धी उठले, परत बसले. रोशनी बॉल घेऊन येताना कडेला वाकून बघायला गेली आणि तेवढ्यात तिच्या हातातला बॉल गेला. सर ओरडायला लागले, “पकड, पकड, सोडू नको तिला.” कबड्डीत ते बरोबर असेल. मुली वर्षभर सरांच्या पाया पडत आल्या होत्या, सर पकड म्हणतात म्हणजे पकडायचं. त्यांनी समोरच्या मुलींना खरोखर पकडलं. फाउलवर फाउल. आमची रिंगखालची मुलगी दंडाला धरून ठेवल्याबद्दल बाहेर जायच्या बेतात आली. सर मागे वळून पाहुण्यांना हसून म्हणाले की पोरींत जोश आहे.

हाफ-टाइमला मुली माझ्याभोवती आल्या, पण बोलले सर. उंच मुली घाला, म्हणाले, ही छोटी बाहेर बसू दे. छोटी म्हणजे रोशनी. जिच्याशिवाय या टीमला बॉल पुढे कसा न्यायचा हेच माहीत नव्हतं ती. रोशनी एरवी सगळ्यांची तोंडं बंद करायची; सरांसमोर ती पाणी पिताना फक्त माझ्याकडे बघत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, “मॅम, सर आडवे येतात. तुम्ही दिसत नाय.” तक्रार अशी नव्हती त्यात. खिडकीतून उजेड येत नाही, असं सांगावं तसं तिने सांगितलं.

ती मॅच आम्ही हरलो. हे इथेच सांगून टाकते, कारण हा किस्सा मी सांगायला लागले की लोकांना शेवटी जिंकल्याचं ऐकायचं असतं, आणि ते नाही म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात. पडू देत. थोडक्यात हरलो. त्यानंतर मी याच कॉलेजात कोच झाले, आणि आजही आहे. व्हॉलीबॉलचा मुलगा आला नाही, बाबांच्या साहेबांना बाबांनीच जाऊन नकार कळवला. पण हे सगळं नंतर झालं, आणि मॅडमनी दिलं म्हणून झालं नाही. खरी कोच मी त्या दुपारी तिसऱ्या क्वार्टरमध्ये झाले.

रोशनी बाहेर, माझ्या शेजारच्या खुर्चीत, डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती. कोर्टावर चार उंच मुली एकमेकींकडे बघत होत्या आणि बॉल घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं. पाचवी, खरवईची नवीन मुलगी, बॉल हातात घेऊन थांबली, सरांच्या डाव्या बाजूने बघितलं, उजव्या बाजूने बघितलं. तिला मी कुठेच दिसले नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. वाक्य मनात जुळत नाहीये आणि वर्ग वाट बघतोय, असा तो चेहरा असतो. मी गळ्यातली पिशवी काढली, रोशनीच्या मांडीवर ठेवली आणि उठले. सरांच्या मागे नाही, त्यांना ओलांडून थेट रेषेपाशी जाऊन उभी राहिले आणि मूठ वर केली. खरवईच्या मुलीने बॉल जमिनीवर मारायला सुरुवात केली, सावकाश. मी कोपराला हात लावला. मुली सरकल्या.

शिट्टी वाजली. बॉल बाहेर गेला होता, आणि रेफरी आमच्या बेंचकडे येत होते. उन्हाने रापलेले, शांत गृहस्थ, दोन्ही बाजूंना दिवसभर तेच नियम सांगून कंटाळलेले. बास्केटबॉलमध्ये बेंचवरच्या सगळ्यांनी बसायचं असतं. मॅच चालू असताना कोच किंवा असिस्टंट कोच, दोघांतल्या एकालाच उभं राहता येतं. दोघं उभे राहिले की समोरच्या टीमला फ्री थ्रो मिळतो. रेफरींनी तेच सांगितलं, आणि पुढच्या वेळी सांगणार नाही, सरळ टेक्निकल फाउल देईन, असंही सांगितलं. “कोण उभं राहणार ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एकच.”

सर हसले. त्यांना राग आला नव्हता. बिचारीला नियम माहीत नाही, असं काहीसं त्यांनी पाहुण्यांकडे बघून खांदे उडवत दाखवलं आणि मला म्हणाले, “बस बेटा, बस. मी आहे ना.” मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, बहुधा मला बसायला कुणीतरी पुढे केली असावी. रेफरी बॉल काखेत धरून थांबले होते. टेबलवरची माणसं आमच्याकडे बघत होती, पाहुणे बघत होते, गेटजवळ बाबा डबा हातात धरून उभे होते. मुली कोर्टावर जागच्या जागी थांबल्या होत्या, आणि त्यांच्यातली एकही सरांकडे बघत नव्हती. भिंत नव्हती, मशिनं नव्हती, माझा आवाज झाकायला तिथे काहीच नव्हतं. वाक्य मी मनात जुळवलं नाही. ते कोणत्या भाषेत म्हणायचं याचा विचारही केला नाही. हात खाली घेतला, सरांकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं,

“सर, तुम्ही बसा.”